पाठीमागे झालेला हुकूमनामा आणि कापलेला पगार



ज्याच्याविरुद्ध निकाल द्यावयाचा, त्याचे म्हणणे निकालापूर्वी ऐकून घ्यावे, हे न्यायाचे अगदी पहिले तत्त्व होय. ज्यांच्या वाडवडिलांविषयीचे निर्णय चावडीवर त्यांच्या गैरहजेरीत होत आणि मग त्यांना केवळ ऐकविले जात, त्या आपल्या समाजाला या तत्त्वाचे मोल निराळे समजावून सांगावयास नको. आज राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाने कायद्यापुढे सर्वांस समान केले आहे. दिवाणी न्यायालयात आपली बाजू मांडण्याचा अधिकार गिरणीमालकास जितका आहे तितकाच त्याच्या पहारेकऱ्यासही आहे. परंतु आपणांस न्यायालयात बोलावले होते हेच जर कधी कळले नाही, तर त्या अधिकाराचे काय करावयाचे? याच प्रश्नाविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे.

माझ्याकडे आलेल्या एका पक्षकाराची हकीकत प्रथम सांगतो. हे गृहस्थ एका कारखान्याच्या भांडारात कारकून होते. पगार पंचवीस हजार रुपये. बरोबरीच्या एका सहकाऱ्याने खासगी वित्तसंस्थेकडून कर्ज घेतले, त्यास हे जामीन राहिले. पुढे सहकारी नोकरी सोडून निघून गेला व हप्ते थकले. संस्थेने दोघांवर दिवाणी दावा लावला. समन्स गेले ते ज्या चाळीतील खोली या गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वीच सोडली होती तेथे. बेलिफाने "प्रतिवादी मिळून आले नाहीत, समन्स दारावर डकविले" असा शेरा मारला. दावा एकतर्फी चालला, हुकूमनामा झाला, वसुलीची दरखास्त दाखल झाली, आणि एके महिन्यात पगार बँकेत जमा झाला तो आठ हजारांनी कमी. घरी पत्नीच्या मनात नाही नाही ते आले. गृहस्थांनी हिशेबनिसाला विचारले तेव्हा "कोर्टाची जप्ती आहे" एवढेच उत्तर मिळाले. चारचौघांत अब्रू जाईल या भीतीने त्यांनी तो विषय तेथेच सोडला. माझ्याकडे ते आले तेव्हा चार महिने लोटले होते.

त्या हुकूमनाम्याचे कागद आम्ही काढले. बेलिफाच्या अहवालात घर कोणी दाखविले, कोणाच्या समक्ष समन्स डकविले, याचा उल्लेखच नव्हता. विलंब का झाला हे सांगताना मात्र आम्हांस फार कष्ट पडले. न्यायालयाने काही रक्कम भरण्याच्या अटीवर हुकूमनामा रद्द केला व दावा पुन्हा सुरू झाला. मग हिशेब तपासता असे दिसून आले की, मूळ कर्जदाराने भरलेले कित्येक हप्ते संस्थेने जमेस धरलेच नव्हते. जामीनदार म्हणून या गृहस्थांची जबाबदारी होतीच, ती त्यांनी नाकारलीही नाही. परंतु जी रक्कम त्यांच्या पगारातून वसूल होत होती ती खऱ्या देण्याहून बरीच अधिक होती, आणि ते दाखविण्यास न्यायालयात कोणी नव्हते म्हणूनच ती मंजूर झाली होती.

आपल्या लोकांत या बाबतीत दोन समजुती रूढ आहेत व दोन्ही घातक आहेत. एक अशी की, देणे खरे असेल तर तक्रार कसली करावयाची? दुसरी अशी की, एकदा न्यायालयाचा शिक्का उमटला की मग काही होत नाही. पहिल्या समजुतीचे उत्तर वरील हकीकतीत आहे. देणे खरे असणे आणि मागितलेला प्रत्येक रुपया खरा असणे या भिन्न गोष्टी आहेत. व्याज किती लावले, काय जमेस धरले, मुदत संपली होती काय, सही आपली आहे काय, हे सारे उभय पक्ष हजर असतील तरच नीट तपासले जाते. दुसऱ्या समजुतीचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे व तेच आता सविस्तर पाहू.

समन्स कसे बजावले पाहिजे

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या पाचव्या आदेशात समन्स बजावण्याची रीत घालून दिली आहे. समन्स शक्य तोवर प्रतिवादीच्याच हाती द्यावयाचे. तो घरी नसेल व वाजवी वेळात भेटण्याचा संभव नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीस, मग ती स्त्री असो वा पुरुष, ते देता येते. घरचा नोकर या अर्थी कुटुंबात मोडत नाही. नोंदणी टपालाने वा मान्यताप्राप्त कुरियरनेही समन्स पाठविता येते. दारावर डकविण्याचा मार्ग आहे, परंतु तो योग्य ती खटपट करूनही माणूस सापडत नाही किंवा तो समन्स घेण्यास नकार देतो तेव्हाचा. शिवाय ते प्रतिवादी जेथे राहतो वा उद्योग करतो त्याच घराच्या दारावर डकविले पाहिजे. पूर्वी कधी काळी राहत असलेल्या घराचे दार त्यास चालत नाही. घर ज्याने ओळखून दिले व ज्याच्या समक्ष समन्स डकविले त्याचे नाव व पत्ता अहवालात नमूद करावयाचा असतो. अहवाल शपथेवर नसेल तर न्यायालयाने बजावणाऱ्यास शपथेवर तपासले पाहिजे. वृत्तपत्रात जाहीर समन्स देण्याचा मार्ग न्यायालयाची खात्री पटल्यावरच, आणि प्रतिवादी जेथे शेवटी राहत असल्याचे माहीत आहे तेथे खपणाऱ्या वृत्तपत्रातूनच अवलंबिता येतो.

हे तपशील कंटाळवाणे वाटतील. परंतु आपला पगार कापला जावा की नाही हे पुष्कळदा बेलिफाच्या शेऱ्यातील याच दोन-तीन ओळींवर अवलंबून असते.

तीस दिवसांची मुदत

समन्स रीतसर बजावले नव्हते, अथवा सबळ कारणामुळे आपणांस हजर राहता आले नाही, असे दाखविल्यास ज्या न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामा केला त्याच न्यायालयाने तो रद्द करावा, असे संहितेच्या नवव्या आदेशातील तेरावा नियम सांगतो. त्यासाठी मुदतीच्या कायद्याने, म्हणजे १९६३ च्या अधिनियमातील १२३ व्या अनुच्छेदाने, तीस दिवस दिले आहेत. हे तीस दिवस एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजले जातात. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर मात्र हुकूमनामा झाल्याचे आपणांस ज्या दिवशी कळले त्या दिवसापासून मोजले जातात.

वाचकहो, हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचा. हुकूमनामा पाच वर्षांपूर्वीचा असला तरी खचून जाण्याचे कारण नाही. परंतु ज्या दिवशी पगारपत्रकावर "न्यायालयीन जप्ती" अशी नोंद दिसली, त्या दिवसापासून आपली मुदत धावू लागली असे समजून चालावे. गप्प बसलात तर पगारपत्रकावरील ती एक ओळच पुढे आपल्याविरुद्ध पुरावा ठरते. तीस दिवस उलटलेच असतील, तर मुदतीच्या कायद्याच्या पाचव्या कलमाखाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. आजारपण, चुकीची माहिती, कागदांच्या नकला मिळण्यास लागलेला वेळ, अशी खरी कारणे तारखांसह द्यावीत. "मला भीती वाटली" हे कारण माणूस म्हणून कोणालाही पटेल, पण न्यायालयात ते एकटे टिकणे कठीण.

म्हणून पगार कापलेला दिसताच पुढील क्रमाने चालावे. प्रथम कार्यालयाच्या हिशेब खात्याकडून जप्तीच्या आदेशाची प्रत लेखी अर्ज देऊन मागावी व तारखेसह पोच घ्यावी. हिशेबनिसाशी वा मालकाशी भांडू नये. आदेश पाळला नाही तर रकमेची जबाबदारी त्यांच्यावर येते, म्हणून त्यांना रक्कम कापणे भागच असते. आदेशावर न्यायालयाचे नाव, दरखास्तीचा क्रमांक व मूळ दाव्याचा क्रमांक असतो. तो घेऊन न्यायालयात जावे व दाव्याचा रोजनामा, वादपत्र, बेलिफाचा अहवाल, टपालाची पोच आणि हुकूमनामा यांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करावा. दाव्याची स्थिती आता ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरही पाहता येते. समन्स ज्या तारखेस बजावले म्हणतात त्या तारखेस आपण कोठे राहत होतो याचा पुरावा गोळा करावा. भाडेपावती, विजेचे देयक, शिधापत्रिका, हजेरीपट, रुग्णालयाचे कागद, जे असेल ते. मग हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज शपथपत्रासह दाखल करावा आणि त्याचबरोबर वसुलीस स्थगिती मागावी. नुसत्या अर्जाने पगाराची कपात थांबत नाही. स्थगितीचा स्वतंत्र आदेश मिळवावा लागतो.

अर्ज फेटाळला गेला तर त्याविरुद्ध अपील आहे. मूळ एकतर्फी हुकूमनाम्यावरही संहितेच्या ९६ व्या कलमाखाली अपील करता येते. मात्र ते अपील मागे न घेता निकालात निघाले, तर हुकूमनामा रद्द करण्याचा हा अर्ज पुढे चालत नाही. तेव्हा कोणता मार्ग प्रथम धरावा हे वकिलाच्या सल्ल्याने ठरवावे. हुकूमनामा रद्द झाल्यास पगारातून गेलेली रक्कम १४४ व्या कलमाखाली परत मागता येते. परंतु हुकूमनामा रद्द झाला म्हणजे देणे फिटले असे नव्हे. दावा पुन्हा उभा राहतो व आपली कैफियत मुदतीत द्यावी लागते. तेथे पुन्हा गैरहजर राहणारा स्वतःच्या हाताने सारे घालवितो.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. १९७६ च्या दुरुस्तीने असे ठरविले आहे की, सुनावणीची तारीख प्रतिवादीला माहीत होती व हजर राहण्यास पुरेसा वेळ होता अशी न्यायालयाची खात्री झाली, तर केवळ बजावणीतील अनियमिततेसाठी हुकूमनामा रद्द होणार नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, ज्ञान हवे ते सुनावणीच्या तारखेचे. कोठे तरी दावा चालू आहे एवढे कानावर आले असणे पुरेसे नाही. तथापि समन्स हाती घेऊन ते मिळालेच नाही असे शपथेवर सांगणाऱ्याला कायदा मदत करीत नाही, आणि करूही नये.

पगारातील किती भाग सुरक्षित आहे

हुकूमनामा योग्य असला तरी सारा पगार जप्त होत नाही. संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणे पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त आहे. वरील गृहस्थांचा हिशेब पाहा. पंचवीस हजारांतून एक हजार वगळले, राहिले चोवीस हजार. त्यांतील सोळा हजार सुरक्षित. जप्त होऊ शकतात ते आठ हजार, त्याहून एक रुपयाही अधिक नाही. शासनाने मुक्त जाहीर केलेले भत्ते या हिशेबात पगार म्हणून धरावयाचे नाहीत. पोटगीच्या हुकूमनाम्यास मात्र हा नियम लागू नाही. तेथे पगाराचा एक-तृतीयांश भागच सुरक्षित असतो, कारण तो पैसा पत्नीच्या व मुलांच्या अन्नाचा आहे.

पगाराच्या जप्तीस काळाचीही मर्यादा आहे. एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिने जप्ती चालली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मुक्त होतो. मजुरांची व घरकाम करणाऱ्यांची मजुरी तर संपूर्णपणे मुक्त आहे, आणि मजूर या शब्दात कुशल, अर्धकुशल व अकुशल असे तिन्ही येतात. सक्तीच्या भविष्य निर्वाह निधीस व निवृत्तिवेतनासही संरक्षण आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, "हे संरक्षण मी सोडून देतो" असा करार कोणी आपल्याकडून लिहून घेतला असेल तर तो करार रद्दबातल आहे, असे त्याच कलमात म्हटले आहे. कर्जाच्या छापील कागदावर न वाचता सही करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कपात नियमापेक्षा जास्त होत असेल तर जप्ती चालविणाऱ्या न्यायालयात हरकत घ्यावी. त्यासाठी मूळ हुकूमनामा चुकीचा असलाच पाहिजे असे नाही.

प्रत्येक कपात न्यायालयाची नसते

कागद नीट वाचा असे मी आग्रहाने सांगतो, याचे आणखी एक कारण आहे. पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेचे सभासद कर्ज घेताना मालकाने पगारातून हप्ता कापावा असे संमतिपत्र लिहून देतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या ४९ व्या कलमाखाली ती कपात चालते व तिला न्यायालयाचा हुकूमनामा लागत नाही. त्याच अधिनियमाच्या १०१ व्या कलमाखाली निबंधक वसुलीचा दाखला देतात. त्याविरुद्धचा पुनरीक्षण अर्ज थकीत रकमेपैकी पन्नास टक्के संस्थेत भरल्याखेरीज दाखल करून घेतला जात नाही. खासगी वित्तसंस्थांच्या करारांत पुष्कळदा लवादाचे कलम असते. लवादाचा निवाडा हुकूमनाम्याप्रमाणेच अमलात येतो, आणि नेमणुकीची वा सुनावणीची योग्य सूचना मिळाली नाही हे त्यास आव्हान देण्याचे मान्य कारण आहे. परंतु निवाडा मिळाल्यापासून तीन महिन्यांत, व पुरेसे कारण दाखविल्यास फार तर आणखी तीस दिवसांत, न्यायालयात जावे लागते. प्रत्येक कागदाचे दार वेगळे व मुदतही वेगळी. चुकीच्या दारावर थांबण्यात महिने जातात.

आपले कर्तव्य आणि शासनाचे कर्तव्य

आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी दीक्षेनंतर जुनी आडनावे टाकली, कित्येकांनी गाव सोडून शहरात बिऱ्हाड केले. स्वाभिमानाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु नाव व पत्ता बदलल्यावर ज्या बँकेशी, पतसंस्थेशी वा सावकाराशी आपला व्यवहार आहे त्यांना नोंदणी टपालाने कळवून पोच जपून ठेवणारे किती आहेत? नाव बदलल्याने कर्ज बदलत नाही. मात्र समन्स जुन्या पत्त्यावर गेले तर ती पोच आणि राजपत्रातील नावबदलाची प्रत हीच आपली साक्षीदार होते. तसेच बेलिफ दारात आला तर दार लावून घेऊ नका. घेण्यास नकार दिला की समन्स बजावले गेले असे कायदा मानतो. समन्स घ्या, तारीख घालून सही करा, आणि त्या तारखेस हजर राहा. घरातील स्त्रियांना व वडीलधाऱ्यांनाही हे सांगून ठेवा, कारण त्यांच्या हाती दिलेले समन्स आपल्याच हाती दिले असे धरले जाते.

वकिलाला द्यावयास पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या बाराव्या कलमाखाली अनुसूचित जातींच्या व्यक्ती, स्त्रिया व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस १९९० पासून अनुसूचित जातींचा दर्जा देण्यात आला असल्याने हा हक्क त्यांचाही आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जातीचा दाखला व जप्तीचा कागद घेऊन जावे. ही भीक नव्हे. राज्यघटनेच्या ३९ अ या अनुच्छेदाने राज्यावर टाकलेले ते कर्तव्य आहे.

शासनाकडेही दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत. एक हजार रुपयांची मर्यादा १९९९ च्या दुरुस्तीने ठरली व २००२ पासून अमलात आली. तत्पूर्वी ती चारशे रुपये होती. दोन दशकांहून अधिक काळ लोटला, धान्याचे, औषधांचे व खोलीभाड्याचे दर कोठल्या कोठे गेले, पण हा आकडा जागचा हललेला नाही. तो वाढविला पाहिजे व महागाईशी जोडला पाहिजे. दुसरे असे की, पगाराची पहिली कपात होण्यापूर्वी जप्तीच्या आदेशाची प्रत कामगाराच्या हाती देणे मालकावर बंधनकारक करावे. साहुकारास यामुळे फार तर काही दिवस थांबावे लागेल. कामगाराला मात्र त्याच्याविरुद्ध काय झाले आहे ते पगार हातचा जाण्यापूर्वी कळेल.

कायद्यात ही दुरुस्ती होईल तेव्हा होवो. तोवर या महिन्याचे पगारपत्रक आजच उघडून प्रत्येक ओळ वाचा, आणि ज्या ओळीचा अर्थ कळत नाही तिचा खुलासा लेखी मागा. शेजाऱ्याला वाचता येत नसेल तर त्याचेही वाचून द्या. तीस दिवसांचा हिशेब करावयाचा झाला तर तो पहिल्या दिवशीच सुरू झालेला बरा.